मुंबईत भरलेला झांझिबारचा आवाज : सिती बिंती साद आणि भलत्याच कपाटांत सापडणाऱ्या बायका

तबकडीवाली (मूळ धागा)

जुन्या तबकड्यांचं वेड लागलेलं माणूस चोर बाजारातल्या दुकानदारांना लांबूनच ओळखू येतं आणि मग भाव चढतो. मी गेली अकरा वर्षं तो चढा भाव देत आले. भावगीतं, नाट्यपदं, नशीब असेल तर एखादी बैठकीची लावणी, इतकीच माझी झेप. दार-एस-सलामला सहा वर्षं काढून आलेल्या मैत्रिणीने एकदा फोनवर एक गाणं लावलं. प्रचंड खरखर, मागे व्हायोलिन आणि ऊद नावाचं अरबी तंतुवाद्य, आणि त्यावर एका बाईचा आवाज. गोड वगैरे अजिबात नाही. बाजारात दहा दुकानं पलीकडे ऐकू जाईल असा.

"कुठे रेकॉर्ड भरली असेल, सांग."
मी ठोकून दिलं, कैरो.
"तुझ्या मुंबईत. १९२८ साली या मंडळींच्या पहिल्या तबकड्या मुंबईत भरल्या गेल्या."

बाईचं नाव सिती बिंती साद. पूर्व आफ्रिकेतली, तबकडीवर आवाज उमटलेली पहिली बाई. झांझिबारहून ती आणि तिचे साथीदार समुद्र ओलांडून आले ते 'हिज मास्टर्स व्हॉइस'साठी गायला. गाणी स्वाहिलीत. आपण त्या काळातल्या मुंबईच्या रेकॉर्डिंगबद्दल इतकं वाचतो, कोण कुठल्या कंपनीकडे गेलं, कोणी किती पैसे मागितले, पण हे माझ्या कानावर कधी आलं नव्हतं. थोडी लाज वाटली आणि शोधायला लागले.

सिती हे तिचं जन्मनाव नव्हे. जन्मनाव म्तुम्वा. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थ 'गुलाम'. १८८० च्या सुमारास फुंबा नावाच्या गावात, गुलामगिरीत राहिलेल्या घरात ती जन्मली. झांझिबारात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८९७ मध्ये संपली, म्हणजे तिचं बालपण त्याच सावलीत गेलं. आई मडकी घडवायची, ही ती डोक्यावर घेऊन ओरडत विकायची. आवाज तिथेच तयार झाला असं लोक सांगतात आणि मला ते पटतं. १९११ मध्ये ती शहरात आली. शहराचे दोन भाग: अरब आणि भारतीय धनिकांच्या दगडी हवेल्यांचा एक, आणि खाडीच्या पलीकडचा न्गांबो. न्गांबो म्हणजेच 'पलीकडची बाजू'. सुटलेले गुलाम, हमाल, मोलकरणी, मासेवाले सगळे तिकडे. सिती तिकडची.

ताराब नावाचं गाणं तोवर सुलतानाच्या वाड्यातलं, भाषा अरबी. न्गांबोतल्या माणसाला त्यातलं किती कळणार? सितीने ते स्वाहिलीत आणलं, आणि तीच बाई पुढे सुलतानापुढेही गायली. 'सिती' म्हणजे बाईसाहेब. म्तुम्वाची सिती झाली.

जळणारे होतेच. तिच्यावर एक टोमण्याचं गाणं रचलं गेलं. त्याचा आशय असा: सिती, तू माणसांत कधीपासून आलीस? खेड्यातून आलीस तेव्हा अंगावर काणिकी होती, आवाज नसता तर खाल्लं काय असतंस? (काणिकी म्हणजे निळीत बुडवलेलं काळपट स्वस्त कापड, गुलाम बायकांच्या अंगावरचं.) सितीने उत्तर गाण्यातच दिलं. रूप, चेहरा, मोठं कुळ यांत काही नाही, माणसाचं खरं नुकसान अक्कल नसण्यात आहे. आपल्याकडच्या सवाल-जवाबात असा जवाब पडला असता तर फेटे उडाले असते.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. तिच्याबद्दल वाचताना आजूबाजूला ज्या बायका दिसायला लागल्या, त्यांच्यासाठी. आफ्रिकेतल्या या काळ्या बायकांनी स्वतः लिहून ठेवलेलं फार थोडं हाती लागतं. मग त्यांचा इतिहास कुठल्या कपाटात सापडतो? सितीचा सापडला कारण कंपनीला तबकड्या विकायच्या होत्या. बाकीच्यांचा?

जाणकारांनी भर घालावी. चुका दाखवल्यात तर आनंदच.

शेवंता७६

क्या बात! मडकी विकणारीचा आवाज दहा दुकानं पलीकडे, हे वाचून आमच्या आळीतली बोंबील विकणारी मावशी आठवली. सवडीने पुन्हा वाचते.

खडूस म्हातारा

लेख चांगला आहे, पण एक शंका. आधी आपल्या बायकांचा इतिहास तरी धड लिहिलाय का आपण? झांझिबारला कशाला जायचं? आणि गाण्यांवरून इतिहास लिहायला लागलो तर उद्या लावणीवरून पेशवाईचा इतिहास लिहाल. दप्तर हवं, कागद हवा. (हलके घ्या.)

तबकडीवाली

काका, हलकेच घेतलं. झांझिबारला मी गेले नाही, झांझिबारच मुंबईला आलं होतं. बाकी १९३५ संपेपर्यंत झांझिबारचं चलन रुपया होतं, आपल्या रुपयाच्या बरोबरीचा. त्यामुळे फार परक्या गावची गोष्ट आहे असं समजू नका.

कागदाचं म्हणाल तर एक गाणं सांगते, मग बोलू. सितीचं 'किजिती' म्हणून गाणं आहे. किजिती हे एका पुरुषाचं नाव. दार-एस-सलामहून एक बाई झांझिबारला पाहुणी आली. किजितीने तिला फिरायला म्हणून नेलं, झुडपांत नेलं आणि परत आलं ते प्रेत. तो समुद्रापार पळाला. खटला उभा राहिला तेव्हा इंग्रजी अमलाखालच्या न्यायाधीशाने शिक्षा कोणाला केली? साक्षीदारांना. दारूचं निमित्त पुढे करून. गाण्यात त्या साक्षीदारांची नावं आहेत, खुर्चीतून चिडून बोलणारा न्यायाधीश आहे, आणि किजितीला तळतळाट आहेत. न्गांबोतल्या माणसाला कचेरीत कसा न्याय मिळत होता हे तिथल्या बाईच्या तोंडून ऐकायचं तर या गाण्याइतकं जवळचं काही नाही. एका अमेरिकन इतिहासकार बाईंनी ही गाणी घेऊन न्गांबोतल्या म्हाताऱ्या माणसांपुढे बसून एकेक ओळ उलगडून घेतली. हे गाणं कोणावर? त्यात कोणाला टोमणा आहे? तुमच्या दप्तराला असे प्रश्न विचारता येत नाहीत, गाणं ऐकलेल्या माणसाला येतात.

खडूस म्हातारा

साक्षीदारांनाच शिक्षा? हे भयंकर आहे. बरं, गाणं चालेल. पण तारीख?

तबकडीवाली

तारखेला दप्तर लागतंच, मान्य. दोन्ही हवं.

जात्यावरची

खडूस काका, लावणीचं राहू द्या, ओव्यांचं घ्या. मावळातल्या आणि आसपासच्या बायकांकडून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा आकडा लाखाच्या घरात आहे. सासुरवास, दुष्काळ, बाबासाहेब, सगळं त्यात आहे. तलाठ्याच्या कागदात त्या बाईचं नाव 'अमक्याची बायको' एवढंच असतं. ओवीत मात्र ती स्वतःचं नाव घालते.

आता भर. पूर्व नायजेरिया, १९२९. इंग्रज सरकारच्या कागदांत याचं नाव 'आबाचा दंगा'. तिथल्या इग्बो समाजाच्या बायका त्याला 'ओगु उमुन्वान्यी' म्हणतात, म्हणजे बायकांचं युद्ध. एका शब्दात केवढा फरक पडतो बघा. दंगा म्हटलं की आरडाओरडा आणि पिसाटलेली गर्दी डोळ्यांपुढे येते. युद्ध म्हटलं की आखणी आली, निरोप आले, मागणी आली.

सुरुवात ओलोको गावात. पुरुषांवर कर आदल्याच वर्षी बसला होता, आता बायकांवरही बसणार अशी धास्ती होती. इंग्रजांनी नेमलेल्या ओकुगो नावाच्या प्रमुखाने माणसं, शेळ्यामेंढ्या मोजायला एका मास्तराला पाठवलं. न्वान्येरुवा नावाची बाई पामचं तेल काढत बसली होती. मास्तर तिला म्हणाला, तुझी माणसं आणि शेळ्या मोज. ती म्हणाली, तुझी आई मोजली होती का रे कोणी? तेलाने माखलेल्या हातांनी झटापट झाली आणि ती थेट बायकांच्या बैठकीत गेली. तिथून पामची पानं गावोगाव फिरली. पान आलं की समजायचं, निघायचं आहे.

यांच्याकडे एक जुनी रीत होती, इंग्रजीत तिचं भाषांतर 'पुरुषावर बसणं' असं झालं. एखाद्याने बायकोला मारलं, बाजाराचा नियम मोडला की सगळ्या बायका त्याच्या दारात जमणार, त्याचे पराक्रम गाण्यातून जाहीर करणार, नाचणार, मुसळांनी भिंत बडवणार. रात्रभर. तो माफी मागेपर्यंत. आपल्याकडे सावकार किंवा ब्राह्मण दारात धरणं धरून बसायचा तसंच, फक्त इथे उपाशी बसणं नाही, धिंगाणा आहे. १९२९ मध्ये बायका सरकारने नेमलेल्या प्रमुखांवर 'बसल्या'. साहेबाला वाटलं दंगा. सैनिकांनी गोळ्या झाडल्या, पन्नासहून अधिक बायका मेल्या.

ओकुगोला पुढे दोन वर्षांची शिक्षा झाली, हेही नोंदवते.

आणि धागाकर्तीच्या कपाटाच्या प्रश्नाला उत्तर: हे सगळं आज कळतं ते चौकशी आयोगामुळे. गोळीबार का झाला याची चौकशी बसली, बायका साक्षीला आल्या आणि त्यांच्या साक्षी छापल्या गेल्या. मारणाऱ्याच्याच कपाटात त्यांचा आवाज राहिला.

दर्यावर्दी

जबरदस्त प्रतिसाद. "तुझी आई मोजली होती का" हे आमच्या मालवणातल्या आजीने बोलल्यासारखं वाटलं.

मोगरा_फुलला

मी लागोसला नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं होते. तिथे फुनमिलायो रॅन्सम-कुटी या बाईंचं नाव शाळेतल्या मुलांनाही माहीत. पण काय म्हणून माहीत? नायजेरियात मोटार चालवणारी पहिली बाई म्हणून! आणि मोठ्यांना विचारलं तर, गायक फेला कुटीची आई. मला अस्सा राग यायचा.

अबेओकुटाच्या या बाई, जन्म १९००. तिथल्या ग्रामर स्कूलमधल्या पहिल्या विद्यार्थिनी, पुढे शिकायला इंग्लंडला जाऊन आलेल्या. सुरुवातीला शिकलेल्या बायकांचा मंडळी-मंडळी क्लब चालवायच्या. हळदीकुंकू आणि भरतकाम छापाचा म्हणा. मग बाजारात बसणाऱ्या बायका त्यांच्याकडे साक्षरतेच्या वर्गाला यायला लागल्या आणि खरं काय चाललंय ते कळलं: बायकांवर वेगळा कर, वसुलीला येणाऱ्यांची दांडगाई, बाजारातला तांदूळ जप्त. १९४६ मध्ये क्लबची संघटना झाली, सभासद हजारोंच्या संख्येत. बाईंनी विलायती कपडे सोडले, बाजारातल्या बायकांसारखं कापड गुंडाळायला लागल्या, भाषणं तिथल्या योरुबा भाषेतून. राजवाड्यापुढे बायकांचे तळ पडले. तिथला राजा, त्याला अलाके म्हणतात, आणि त्याच्या पाठीशी इंग्रज. जानेवारी १९४९ मध्ये अलाकेला गादी सोडावी लागली. भाजी आणि तांदूळ विकणाऱ्या बायकांनी राजा उतरवला!

शेवट वाईट. १९७७ मध्ये फेलाच्या घरावर सैनिक घुसले आणि या सत्तरी ओलांडलेल्या बाईला खिडकीतून खाली फेकलं. पुढल्या वर्षी त्या गेल्या.

यात मात्र कपाट नव्हतं असं नाही, त्यांची स्वतःची पत्रं, कागद होते. तरी आठवण राहिली मोटारीची. तेव्हा नुसते कागद असून भागत नाही हो काका.

खडूस म्हातारा

मोटारीचं वाचून हसलो आणि मग गप्प बसलो. आमच्या गावात स्वातंत्र्यसैनिक असलेल्या एका आजींची ओळख 'गावात पहिली सायकल चालवणारी' अशीच करून देतात.

पणजीकर

एक छोटी भर गोव्याकडून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झांझिबारात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्यांत आपले गोंयकार होते, गोम्स यांचा स्टुडिओ त्यातला नावाजलेला. त्या काळची पोस्टकार्डं पाहिली असतील: कांगा (तिकडचं छापील सुती कापड) नेसलेल्या, कानांत गोल चकत्या घातलेल्या आफ्रिकन बायका, उत्तम प्रकाश, उत्तम छपाई. खाली काय लिहिलेलं असायचं? 'स्वाहिली स्त्री'. 'स्थानिक सुंदरी'. सुलतानाचा फोटो असला की नाव, किताब सगळं. बाईचं नाव विचारायला काय लागलं असतं? स्टुडिओत तासभर तरी बसली असेल ना ती. आमच्याच माणसांनी काढलेले फोटो, म्हणून जास्त टोचतं.

गोदाकाठी

पणजीकर, टोचायला नाशिककरांकडेही आहे. शरणपूर रोड हे नाव रोज घेतो आपण. ते शरणपूर म्हणजे मिशनऱ्यांनी वसवलेली वस्ती, आणि तिथे गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलंमुली ठेवली जायची. शिक्षण, सुतारकाम, लोहारकाम, बायबल. त्यातलाच जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरणारा मिशनरी प्रवासी लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आत मेला, तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या मंडळींत हा होता आणि लंडनला अंत्ययात्रेलाही हजर होता. शिकलेला, म्हणून त्याची रोजनिशी आहे, फोटो आहेत. १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रिअर टाउन वसलं तेव्हा नाशिकची बरीच मंडळी तिकडे परत गेली. तिथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. नाशिकमध्ये राहून बॉम्बे! असो.

आता बाई. लिव्हिंग्स्टनच्या त्याच तांड्यात हलिमा नावाची स्वयंपाकीण होती, अमोदा नावाच्या माणसाची बायको. एकदा भांडून निघून गेली, परत आली. तेव्हा लिव्हिंग्स्टनने रोजनिशीत लिहिलंय की ही हुशार आहे, कधी चोरी केली नाही, नवऱ्यालाही करू दिली नाही, आणि झांझिबारला पोचलो की हिला मुक्त करून घर आणि बाग घेऊन देईन. तो झांझिबारला जिवंत पोचलाच नाही. देह नेणाऱ्यांतली चुमा, सुसी, वेनराइट ही नावं इतिहासात पक्की झाली. तांड्याला रोज जेवू घालणारी मात्र साहेबाच्या रोजनिशीत, तिचं भांडण झालं त्या दिवशी दिसते.

जात्यावरची

भांडण झालं त्या दिवशी! गोदाकाठी, हे सूत्रच आहे. कर नाकारला, भांडली, मेली, मोर्चा काढला, की कागदावर येते. सुरळीत राहिली तर नाहीच.

विद्यार्थी२००१

सगळं वाचतोय, पण एक गैरसमज होतोय असं वाटतं. सगळ्याच बायका निरक्षर होत्या आणि दुसऱ्यांच्या कपाटांवर अवलंबून होत्या असं नाही. नाना अस्माउ, १७९३ ते १८६४. आजच्या उत्तर नायजेरियातल्या सोकोतो राज्याच्या संस्थापकाची, उस्मान दान फोदिओची मुलगी. अरबी, फुलफुल्दे आणि हौसा अशा तिन्ही भाषांत कविता लिहिल्या. गावोगावच्या बायकांपर्यंत शिक्षण पोचवायला शिक्षिकांची साखळी उभी केली, 'यान तारू' नावाची. त्यांची प्रमुख ती जाजी, डोक्यावर गवताची मोठी टोपी, तीच तिची खूण. अस्माउने कविता करायची, जाजीने पाठ करायची, गावी जाऊन शिकवायची. कागद लागायचा तो एकदाच.

तिच्या हस्तलिखितांचं काय झालं? ती सोकोतोतच वजिराच्या घराण्याकडे जपून ठेवलेली होती, घरच्यांना पूर्ण माहीत होती. विसाव्या शतकात इंग्रजीत आली तेव्हा बाहेरचे म्हणाले, सापडली! म्हणून 'दुर्लक्षित' म्हणताना कोणाकडून दुर्लक्षित, हे विचारलं पाहिजे. झांझिबारातही सिती हरवलेली नव्हती. स्वाहिलीतले मोठे लेखक शाबान रॉबर्ट यांनी तिचं चरित्र लिहिलंय.

तबकडीवाली

विद्यार्थी, हे अगदी बरोबर आणि मी शीर्षक देतानाच चुकले. मुंबईला माहीत नव्हती, झांझिबारला होती. सितीचं गाणं लहानपणी ऐकलेली बी किदुदे २०१३ मध्ये गेली, तोवर ती ही गाणी गात होती, किजितीसुद्धा. सिती १९५० मध्ये गेली, पण गाणं एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात पुढे साठ वर्षं चालू राहिलं.

दर्यावर्दी

अवांतर: शीर्षकात नाही, पण धाग्यात 'काळ्या बायका' म्हटलंय. 'कृष्णवर्णीय' जास्त सभ्य नाही का?

मोगरा_फुलला

माझ्या लागोसच्या शेजारणीला काळी म्हणवून घेण्यात काही कमीपणा वाटत नव्हता. मला काळं म्हणजे उणं असं वाटायचं, कारण मी गोऱ्या सुनेच्या जाहिराती वाचत वाढले. संस्कृत शब्द घेतला की तो संकोच फक्त इस्त्री होऊन येतो. मला 'काळ्या' चालतं.

शेवंता७६

+१. आणि दक्षिण आफ्रिका राहिली ना! ९ ऑगस्ट १९५६, प्रिटोरिया. पास, म्हणजे काळ्या माणसांच्या फिरण्या-राहण्यावर बंधन घालणारा सरकारी परवाना, जवळ बाळगायच्या सक्तीविरुद्ध सुमारे वीस हजार बायका सरकारी इमारतीपुढे जमल्या. पुढे लिलियन न्गोयी, सोबत रहिमा मूसा, हेलन जोसेफ, सोफिया विल्यम्स. पंतप्रधान भेटलाच नाही. सह्यांचे गठ्ठे त्याच्या दारात ठेवले आणि सगळ्या अर्धा तास गप्प उभ्या राहिल्या. वीस हजार बायका, पाठीवर पोरं, अर्धा तास शांतता. लिलियन न्गोयी शिवणकाम करून पोट भरायची. पुढे तिच्यावर बंदी घातली, तिचं बोलणं छापायचीही मनाई. आता ९ ऑगस्टला तिथे सुट्टी असते.

खडूस म्हातारा

धाग्याने माझा रविवार खाल्ला. किजितीचं गाणं शोधून ऐकलं, शब्द कळले नाहीत तरी दोनदा ऐकलं. एक राहिलंय. साक्षीदारांची नावं गाण्यात आहेत म्हणालात, मारणाऱ्याचं तर शीर्षकातच आहे. त्या मेलेल्या बाईचं नाव काय?

तबकडीवाली

गाण्यात तिला 'म्गेनी' म्हटलंय, काका. म्हणजे पाहुणी.